एका गोळीला पन्नास सेकंद

पन्नास मीटर रायफल प्रकारात निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं. ते गाठायचं आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून आणि शेवटी उभं राहून. उभ्या माणसाचं शरीर कधीच पूर्ण स्थिर नसतं. श्वासाने खांदा हलतो, तोल सावरताना कंबर हलते, हृदयाच्या ठोक्यानेसुद्धा बंदुकीची नळी किंचित उडते. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अखेरीला एकेक गोळी सुटते. तिला पन्नास सेकंद मिळतात आणि प्रत्येक गोळीनंतर सर्वांत कमी गुणांचा नेमबाज बंदूक खाली ठेवून बाजूला होतो.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये, फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळे या फेरीत उभा होता. पात्रता फेरीत ५९० गुण मिळवून तो सातव्या क्रमांकाने आत आलेला. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या गोळ्या संपल्या तेव्हा तो सहावा होता. उभ्या स्थितीत मात्र एकेक प्रतिस्पर्धी गळत गेला आणि ४५१.४ गुणांवर स्वप्नीलचं कांस्यपदक पक्कं झालं. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. स्वप्नील कोल्हापूरकडचा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पण या पदकावर नाशिककर थोडा हक्क सांगतात आणि तो वाजवी आहे. २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झालेल्या या मुलाने बंदूक हाती धरली आणि तो घडला तो नाशिकच्या केंद्रात.

पॅरिसच्या आधी दहा महिने, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत हाच स्वप्नील अंतिम फेरीत सगळ्यांच्या पुढे होता. सुवर्ण दिसत होतं. शेवटच्या टप्प्यात एक गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा झाला. या पातळीवर ७.६ हा आकडा जवळपास दिसतच नाही. दहा महिन्यांत त्याचे हात बदलले नव्हते, डोळे बदलले नव्हते. पॅरिसनंतर पत्रकारांशी बोलताना त्याने जे सांगितलं ते अगदी साधं होतं. पोटात कालवाकालव होत होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, फक्त काळा चहा घेतला होता. गुणफलकाकडे पाहिलं नाही, श्वासावर लक्ष ठेवलं, नेहमीपेक्षा वेगळं काही करायला गेलो नाही.

भीती नव्हती असं तो म्हणाला नाही, हे महत्त्वाचं. भीती होतीच. ती असताना लक्ष कुठे ठेवायचं, हे त्याला ठाऊक होतं. क्रीडा मानसशास्त्र नावाचा विषय बऱ्याच अंशी एवढ्याच गोष्टीचा आहे, आणि या विषयात नाशिकचं नाव स्वप्नीलच्या कितीतरी आधीपासून घेतलं जातं.

त्याचं कारण भीष्मराज बाम. भारतीय पोलीस सेवेतला हा अधिकारी स्वतः नेमबाजीत रमला, खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करू लागला आणि निवृत्तीनंतर नाशिकला राहून त्याने हेच आयुष्याचं काम केलं. राहुल द्रविड त्यांचा सल्ला घेत असे. नेमबाज अंजली भागवत त्यांच्या मार्गदर्शनाचा उल्लेख आवर्जून करत आली आहे. सिडनी ऑलिंपिकमध्ये २००० साली अंतिम फेरी गाठणारी, २००२ मध्ये जागतिक क्रमवारीत अव्वल ठरलेली आणि त्याच वर्षी मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदकं मिळवणारी ती अंजली. बामांनी ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. मराठी घरातल्या खेळाडू मुलाला आणि त्याच्या आईबापांना परक्या भाषेच्या आधाराशिवाय हा विषय वाचता आला, तो या पुस्तकामुळे. १२ मे २०१७ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं.

बामांची गंमत अशी की, पाश्चात्त्य मानसशास्त्र त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण बोलताना ते पतंजलीकडे वळत. प्राणायाम, धारणा, ध्यान हे शब्द त्यांनी देवघरातून उचलून मैदानावर आणले. यात भावनिक स्वदेशीपणा शोधायचं कारण नाही. श्वास लांबवला की हृदयाची गती उतरते आणि नेमबाजाला नेमकं तेच हवं असतं. फिनलंडच्या संशोधकांनी १९८७ मध्ये नेमबाजांच्या हृदयाची नोंद घेत त्यांच्या गोळ्यांची वेळ तपासली. कसलेले नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात चाप ओढत होते. नवशिक्यांच्या गोळ्या मात्र ठोका पडत असतानाही सुटत होत्या. असं गणित कुणी मोजून करत नाही. ते हजारो गोळ्यांनंतर अंगात उतरतं. श्वासाचा सराव हा त्याचा पाया.

बामांनंतर नाशिकमध्ये नेमबाजीची ही परंपरा चालवणाऱ्यांत मोनाली गोऱ्हे यांचं नाव मोठं होतं. भारतीय पिस्तूल संघाच्या प्रशिक्षक वर्गात पोहोचलेल्या मोनालीताई मे २०२१ मध्ये करोनाने गेल्या. शहराचं ते नुकसान अजून भरून आलेलं नाही.

आता प्रश्न असा की, मनाचा हा सराव करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? इथे एक गोष्ट आधी वेगळी काढावी लागते, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. कौशल्य शिकणं आणि शिकलेलं कौशल्य स्पर्धेत दाखवणं ही मनासाठी दोन निराळी कामं आहेत, आणि एकात जे उपयोगी पडतं ते दुसऱ्यात घात करतं.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर माणूस विचार करून हालचाल करतो. कोपर कुठे, पाऊल कुठे, नजर कुठे, असं स्वतःला सांगत सांगत. दुसऱ्या पायरीवर चुका कमी होत जातात. तिसऱ्यावर हालचाल आपोआप होऊ लागते आणि डोकं डावपेचांसाठी मोकळं राहतं. सायकल शिकलेल्या प्रत्येकाने हा प्रवास केलेला असतो.

घात होतो तो पुढे. २००२ मध्ये सायन बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंना खांबांच्या रांगेतून चेंडू खेळवत न्यायला सांगितलं. एकदा त्यांना चेंडूला पायाची कोणती बाजू लागते आहे याकडे लक्ष द्यायला लावलं, आणि एकदा कानावर पडणाऱ्या शब्दांकडे. नवख्यांना पायाकडे लक्ष देण्याचा फायदा झाला. मुरलेले खेळाडू मात्र पायाकडे लक्ष देताच मंदावले आणि लक्ष दुसरीकडे गुंतलं तेव्हा सफाईने खेळले. दडपणाखाली मोठा खेळाडू अचानक शिकाऊ का वाटू लागतो, याचं बरंचसं उत्तर यात आहे. चूक होईल या धास्तीने तो आपल्याच हालचालींवर पहारा बसवतो. वर्षानुवर्षं आपोआप होणारी गोष्ट पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

म्हणून सामन्याच्या दिवशी सीमारेषेवरून “डोकं स्थिर ठेव, डावं कोपर वर घे, पाय टाक पुढे” असं ओरडणारा प्रशिक्षक चुकीचं काही सांगत नसतो. ते फक्त मंगळवारच्या सरावात सांगायचं असतं.

सूचनेचे शब्दही महत्त्वाचे असतात. “बाहेरच्या चेंडूला बॅट लावू नकोस” या वाक्यात मुलाच्या डोक्यात चित्र उभं राहतं ते बाहेरच्या चेंडूला लागलेल्या बॅटचंच. अमेरिकेतल्या डॅनियल वेगनर यांनी १९९८ मध्ये गोल्फवर हा प्रयोग केला. चेंडू भोकाच्या पुढे जाऊ देऊ नका, असं बजावलेल्या माणसांच्या डोक्यावर दुसरं एखादं काम टाकलं, की त्यांचा चेंडू जास्तच पुढे जात असे. टाळायची गोष्ट टाळण्यासाठी मनाला ती सतत तपासावी लागते आणि ताण आला की तपासणीच वरचढ ठरते. काय करायचं ते सांगावं. काय करायचं नाही ते सांगू नये. हे ऐकायला सोपं आहे. एखाद्या रविवारी अनंत कान्हेरे मैदानाच्या कडेला उभं राहून पालकांची वाक्यं ऐकली तर ‘नको’ने संपणारी वाक्यं किती असतात ते कळेल.

सरावाबद्दलचा आणखी एक निष्कर्ष आपल्या नेहमीच्या समजुतीला छेद देतो. नेट्समध्ये मुलाला एकाच जागी एकसारखे पन्नास चेंडू टाकले की त्याचा फटका डोळ्यांदेखत सुधारतो. प्रशिक्षक खूश, मूल खूश, पालक खूश. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका महाविद्यालयाच्या बेसबॉल संघावर याची परीक्षा झाली. फलंदाजांना सहा आठवडे आठवड्यातून दोनदा ४५ जादा चेंडू टाकले. एका गटाला तीन प्रकारचे चेंडू एकेक प्रकार संपवत, १५-१५ च्या तुकड्यांत मिळाले. दुसऱ्या गटाला तेच चेंडू कोणत्याही क्रमाने आले, पुढचा कोणता येणार याचा पत्ता नाही. शेवटच्या कसोटीत सरळ क्रमाच्या गटाची कामगिरी सुमारे २५ टक्क्यांनी सुधारली होती, तर अडखळत शिकलेल्या गटाची जवळपास ५७ टक्क्यांनी. सरावात वाईट दिसणारा गट सामन्यासारख्या परीक्षेत पुढे निघाला. मिसळलेल्या सरावात प्रत्येक चेंडूला नव्याने निर्णय घ्यावा लागतो आणि निर्णय घेणं हाही कौशल्याचाच भाग असतो. अगदी नवख्या मुलाला सुरुवातीला एकसारखे चेंडू हवेतच, पण तिथेच महिनोन्‌महिने थांबणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

मग मनातल्या मनात करायच्या सरावाचं काय? डोळे मिटून फटका, उडी किंवा गोळी पाहणं याला आपल्याकडे अकारण जादूचं वलय मिळालं आहे. डेबोरा फेल्ट्झ आणि डॅनियल लँडर्स यांनी १९८३ मध्ये तोवरचे साठ अभ्यास एकत्र करून पाहिले. मानसिक सरावाने कामगिरी सुधारते, काहीच न करण्यापेक्षा ती नक्की बरी होते, मात्र प्रत्यक्ष सरावाची जागा त्याला घेता येत नाही. दुखापतीत पलंगावर पडलेला खेळाडू, स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप न लागणारा खेळाडू, प्रवासात बंदूक पेटीत बंद असलेला नेमबाज, यांच्यासाठी तो फार मोलाचा असतो. शिवाय तो करण्याची रीत असते. नुसतं पदक गळ्यात पडल्याचं चित्र रंगवण्यात काही अर्थ नाही. स्वतःच्या डोळ्यांतून, खऱ्या वेगाने, हातातल्या वजनासकट आणि गर्दीच्या आवाजासकट ती हालचाल अनुभवायची असते. चूक झाली तर पुढची कृती कोणती, तेही त्यातच पाहून ठेवायचं. ७.६ ची गोळी सुटल्यावरचे पन्नास सेकंद ज्याने आधी मनात जगून घेतलेले असतात, त्याला प्रत्यक्षात ते परके वाटत नाहीत.

लांब पल्ल्याच्या धावण्यात मनाचं काम वेगळंच असतं. तिथे निर्णय फार नसतात, वेदना पुष्कळ असते. नाशिक जिल्ह्याला धावण्याचं वेड लावलं ते कविता राऊतने. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही आदिवासी मुलगी, प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली नाशिकमध्ये तयार झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांत कांस्य जिंकलं. या स्पर्धांत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. सहा आठवड्यांनी ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने त्याच अंतराला ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद घेतले आणि रौप्य मिळवलं. सुवर्ण प्रीजा श्रीधरनला, सेकंदाहूनही कमी फरकाने. कविताच्या दोन शर्यतींच्या वेळेतला सव्वा मिनिटाचा फरक सगळा मनाचा म्हणणं चूक ठरेल. पदकाच्या शर्यती डावपेचांवर धावल्या जातात आणि पुढचा गट जोरात निघाला की सगळ्यांच्याच वेळा सुधारतात. तरी ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्यांत एक धावपटू दुसरीला शेवटपर्यंत चिकटून राहते, तेव्हा पायांइतकंच डोकंही धावत असतं.

डोकं कुठे ठेवायचं याचा जुना अभ्यास आहे. १९७७ मध्ये विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी मॅरेथॉनपटूंना धावताना मनात काय चालतं ते विचारलं. हौशी धावपटू दुखण्यापासून मन दूर नेत होते. कुणी गाणी आठवत होतं, कुणी मनात घर बांधत होतं. अव्वल धावपटू उलट करत. ते शरीराकडेच लक्ष देत, श्वास ऐकत, पोटऱ्या ताठल्या का ते तपासत आणि त्यानुसार वेग ठरवत. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पहाटे गंगापूर रोडने पाच किलोमीटर धावणाऱ्याने कानात लता मंगेशकर लावायला काहीच हरकत नाही. पदकासाठी धावणारीला मात्र शरीर काय सांगतंय ते ऐकावं लागतं, कारण वेग जरा चुकला तर त्याची किंमत शेवटच्या तीन फेऱ्यांत मोजावी लागते.

इतकं सगळं असताना आपल्याकडे ‘मानसिक तयारी’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा भाषण असतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणी वक्ता येतो, मुलांना मुठी आवळून ‘मी करू शकतो’ असं ओरडायला लावतो, टाळ्या पडतात. मुलं तासभर पेटतात हे खरं. पण नेमबाजाला पेटून कसं चालेल? त्याला शांत व्हायचं असतं. भारोत्तोलकाला चढायचं असतं, नेमबाजाला उतरायचं असतं. मनाच्या उत्तेजनेची योग्य पातळी कामाप्रमाणे बदलते आणि अवघड, बारीक कामाला ती कमी लागते, हे यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं. शंभराहून अधिक वर्षांनीही सगळ्या खेळाडूंना एकाच भाषणाचा डोस देणं म्हणजे सगळ्या रुग्णांना एकच गोळी देणं. बामांसारख्या माणसाचं काम याच्या अगदी उलट होतं. ते खेळाडूला रोज करायचं काहीतरी देत. श्वासाचा सराव, एकाग्रतेचा सराव, ज्याचं फळ दोन दिवसांत दिसत नाही आणि म्हणून ज्याला गर्दीही जमत नाही.

मनाच्या ताकदीलाही शरीराची हद्द असते. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातलंच आणखी एक उदाहरण पुरेसं आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी भागात वाढला. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जाणारा हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला, पुण्याच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये रोइंगकडे वळला. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटे. चार वर्षांनी तो रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला. रोइंगची एक विचित्र खुबी आहे. वल्हवणारा पाठमोरा बसतो, त्यामुळे शर्यतीची शेवटची रेघ त्याला दिसतच नाही. दिसतात ते मागे पडलेले. पुढे कोण आहे याची काळजी करत बसलं तर वल्ह्याची लय बिघडते, म्हणून सराव असतो तो प्रत्येक ओढीपुरतं लक्ष ठेवण्याचा.

ऑगस्ट २०१८ मध्ये इंडोनेशियात, आशियाई स्पर्धेत, दत्तू एकेरीच्या अंतिम शर्यतीत उतरला तो अंगात ताप घेऊन. अर्ध्यावरच हात थांबले. शर्यत त्याने कशीबशी पूर्ण केली आणि सहावा, म्हणजे शेवटचा आला. तापाला धारणा-ध्यानाचा उतारा नसतो. त्याच्यापुढे निराळंच कोडं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्वाड्रुपल स्कल्सची, म्हणजे चौघांच्या बोटीची, अंतिम शर्यत होती आणि बोटीत तिघे सहकारी त्याच्या लयीवर अवलंबून असणार होते. आदल्या दिवशीची शर्यत डोक्यात घेऊन बसला असता तर चौघांची बोट गेली असती. २४ ऑगस्टला सवर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू यांनी ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. यजमान इंडोनेशियाची बोट सुमारे साडेतीन सेकंद मागे होती.